घाटात थांबलेल्या गाड्या

कुंडल, १६ जून २०२४

जयराज,

पाकीट फाडून टाकण्याआधी एवढं वाच. यात उपदेश नाही. कामावर जा, देवाला जाऊन ये, डॉक्टरला दाखव, यातलं काहीच लिहिलेलं नाही. सोबत पेनड्राइव्ह आहे, तेवढा लावून बघ.

तू फोन उचलत नाहीस आणि कुपवाडला दारात येऊ नका म्हणालास, म्हणून मी येत नाही. क्रांती रविवारी येते. तिच्याकडून कळतं तेवढं कळतं. बायकोवर रागावू नकोस, ती पण फार सांगत नाही. मागच्या खेपेला नायलॉनची दोरी घेऊन आली आणि म्हणाली, आबा, ही गोठ्यात ठेवा, आमच्यात अडगळ होते. दोरी नवी कोरी होती. तुझ्या आईला सांगितलं, वासरासाठी मागवली.

कारखान्यातली वॉचमनची नोकरी सोडून तू दिवसभर कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवतोस, हेही तिनंच सांगितलं. आणि विमान उडवताना ताट पुढं ठेवलं तर जेवतोस, एरवी नाही. हे ऐकल्यावर मला त्या विमानाचा राग येईना. ज्याच्यामुळं पोराच्या पोटात चार घास जातात त्याला काय नावं ठेवायची.

तुझ्या मागं उभं राहून तिनं मोबाइलवर काढलेलं थोडं मला दाखवलं. विमान झकास आहे. ढग तर असे की हात ओला होईल. पण खाली शत्रूच्या म्हणून ज्या गाड्या मांडल्या होत्या त्या बघून हसायला आलं. उघड्या माळावर एका रांगेत, सारख्या अंतरावर, सगळ्यांची तोंडं उत्तरेला. शाळेत कवायतीला उभी केलेली पोरं जशी. सैन्यात माझा जन्म ट्रक चालवण्यात गेला, पेन्शन झाल्यावर महाबळेश्वरला टॅक्सी चालवली, पण अशा गाड्या उभ्या राहिलेल्या मी कधी बघितल्या नाहीत. गाडी उभी करणारा माणूस असतो रं. त्याला ऊन लागतं, तहान लागते, साहेबाची भीती असते, पळायला वाट लागते. गाडी कुठं आणि कशी उभी आहे यात ते सगळं दिसतं.

म्हणून सांगलीहून एक जुना कॉम्प्युटर आणला आणि त्यात तुझाच खेळ घालून घेतला; त्यात गाड्या आपल्याला पण मांडता येतात. चित्र हळू हलतं, पण मांडायच्या कामाला चालतो. व्हिडिओ बघून शिकलो. त्यातलं इंग्रजी कळत नव्हतं, बाण कुठं जातोय तेवढं बघत बसलो. नकाशावर गाडी ठेवली की तिचं तोंड आपोआप उत्तरेला होतं, हे एके दिवशी ध्यानात आलं आणि कवायतीच्या पोरांचं कोडं सुटलं. मांडणारा तिला वळवायचा कंटाळा करतो, दुसरं काही नाही.

पेनड्राइव्हवर मी मांडलेलं एक मिशन आहे, त्यात थोडे ट्रक आहेत, एक तेलाची गाडी, एक रसोईची, दोन विमानविरोधी तोफा. सापडतात का बघ.

तू सैन्य सोडून कायमचा आलास तेव्हाची मिरवणूक गावानं काढली होती, मी नाही. उघडी जीप सरपंचांची होती, हलगीवालेही त्यांनीच बोलावले होते. एवढं मात्र लिहायचं होतं.

आबा


कुंडल, ७ जुलै २०२४

जयराज,

क्रांती आली ती पायरीवरूनच म्हणाली, "आबा, निरोप हाय." मी हातातला विळा खाली ठेवला. निरोप असा की तेलाची गाडी कुठं सापडंना. बास, एवढाच. कित्येक महिन्यांत तुझ्याकडून आलेलं हे पहिलं वाक्य. तुझ्या आईनं क्रांतीकडून ते दोनदा म्हणून घेतलं. तेलाची गाडी काय भानगड आहे हे तिला ठाऊक नाही, पण वाक्य तुझं होतं.

आता सांगतो कुठं होती. तू ट्रकांच्या आसपास शोधत बसलास. तेल आणि माणसं एका जागी कोण ठेवील? रसोईची गाडी ओढ्याकाठी लावली, कारण पाणी वाहायचा कंटाळा जगातल्या सगळ्या आचाऱ्यांना सारखाच असतो. ट्रक झाडांच्या पश्चिमेला लावले, कारण मिशन सकाळचं आहे आणि सावली तिकडं पडते. दुपारचं असतं तर दुसरीकडं लावले असते. तेलाची गाडी या सगळ्यांपासून लांब, मागच्या वस्तीत एक गुऱ्हाळासारखी शेड दिसली तिच्या आडोशाला, तोंड रस्त्याकडं करून. निघायची वेळ आली तर मागं घ्यायला लागू नये. घाबरलेल्या ड्रायव्हरला गाडी मागं घेता येत नाही, हे तुलाही माहीत आहे.

मागाहून क्रांतीच्या फोनवर तुझी तक्रारही पोचली. एक तोफ मी घरामागं अशी दडवली की तिला आभाळच दिसेना. विमान डोक्यावरून गेलं तरी बाई गप्प. मान्य. मी खालून वर बघत मांडतो, तू वरून खाली बघतोस, त्यामुळं तुझं मला उपयोगी पडतं. तसंच कळवत जा.

तुझी आई माझ्या मागं येऊन उभी राहते आणि कमरेवर हात ठेवून बघते. काल म्हणाली, "बापानं गाड्या लावायच्या आन् पोरानं जाळायच्या. दुसरा खेळच न्हाई व्हय तुमास्नी?" मी म्हणालो, बनुबाई, तो जाळतच नाही. क्रांतीनं सांगितलं ते मी तिला सांगितलं, की तू गाड्या शोधतोस, वरून दोन घिरट्या घालतोस आणि बॉम्ब तसेच ठेवून विमान परत नेतोस. मग ती आत जाऊन बराच वेळ डबे लावत होती.

का टाकत नाहीस हे मी विचारणार नाही.

या खेपेला पुलाजवळची कोंडी मांडली आहे. एक बिघडलेला ट्रक आहे, बाकीचे त्याला वळसा घालून चाललेत. बिघडलेला कुठला ते ओळखायचं.

आबा


कुंडल, ४ ऑगस्ट २०२४

जयराज,

तू क्रांतीबरोबर सांगलीच्या बाजारात गेलास हे कळलं. पावसात भिजून आलात आणि गाड्यावर उभं राहून भजी खाल्लीत म्हणे. ती हे सांगताना हसत होती, आणि मग तोंड वळवून चुलीपाशी जाऊन बसली. तिचं वजन लय उतरलंय गड्या. तू बघ जरा.

पुलाजवळच्या ट्रकाकडं बोट दाखवून तू तिला म्हणालास की याचा मागचा एक्सल गेलाय. हे ऐकून माझी छाती एवढी झाली. मी फक्त त्याला थोडा तिरका लावला होता, मागची चाकं डांबरावरून खाली उतरलेली. त्यावरून एक्सल ओळखायला ड्रायव्हरच पाहिजे.

आता एक तुझ्यापासून लपवलेलं सांगतो. गेल्या महिन्यात मी आणि तुझी आई जतकडं जाऊन आलो. बिराप्पाचं वर्षश्राद्ध होतं. निमंत्रण तुलाही होतं, पण क्रांतीला मीच म्हणालो, त्याला सांगू नको. तुझ्या लग्नात स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं आहेर म्हणून आणणारा तुझा जोडीदार, त्याच्या फोटोपुढं तुला बसवायचं मला धाडस झालं नाही.

त्याची बायको चंद्राबाई पांढऱ्या कपाळानं मेंढरांमागं जाते. सासरे थकलेत, पोरगं लहान. आम्हाला घोंगडं टाकून बसवलं, चहा दिला. तुमच्या युनिटमधली माणसं येऊन तिला जे सांगून गेली ते तिनं आम्हाला सांगितलं. दरड पडून घाट बंद होता, तुमच्या गाड्या थांबल्या होत्या. वाट नुकती मोकळी झाली आणि डोंगरावरून गोळीबार सुरू झाला. पहिला बिराप्पाचा ट्रक पेटला आणि दरीत गेला. त्याच्या मागं तुझा ट्रक होता. तू न थांबता पुढं काढलास म्हणून तुझ्यामागच्या अकरा गाड्या निघू शकल्या. "एका झटक्यात गेलं म्हणं. तरास झाला न्हाई," असं ती म्हणाली. हे वाक्य ती दिवसातून बरेचदा म्हणत असावी, असं वाटलं.

परत येताना एसटीत मी तुझाच विचार करत होतो. तुझ्या मनात काय आहे ते मला कळलं, असं मला वाटतं. तू थांबला नाहीस. उतरून दोस्ताकडं धावला नाहीस. ते तुला खातंय. खरं ना?

म्हणून हा घाट मांडला. तुमचा तो डोंगर या खेळाच्या नकाशात नाही, पण तसलं वळण शोधून काढलं. बिराप्पाचा ट्रक वळणावर, मागं तुझा, त्याच्या मागं अकरा. एकेक गाडी जीव ओतून लावली आहे. यात तोफ नाही, शत्रू नाही, नुसत्या थांबलेल्या गाड्या. विमान वळणावर ने आणि पार शेवटच्या गाडीपर्यंत बघत जा. तू थांबला असतास तर त्या सगळ्यांचं काय झालं असतं ते दिसेल. मी तोंडानं सांगून तुला पटायचं नाही. तुझ्या डोळ्यांनी बघ.

आबा


कुंडल, २१ ऑगस्ट २०२४

जयराज,

हे पत्र क्रांती तुझ्या कॉम्प्युटरपुढं ठेवणार आहे. तू घरी आलास की पहिल्यांदा तिथंच बसशील, म्हणून.

परवा दुपारी तू आलास तेव्हा मला आधी आनंदच झाला. तुझी आई भांगलणीला गेली होती. मी म्हणालो, थांब, तिला हाक मारतो. तू पायातलं न काढता आत गेलास आणि माझ्या खुर्चीवर बसलास. घाटाचं मिशन उघडलंस. तुझ्या पाठीमागं मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा, तो तसाच हातात राहिला. तू एकेक गाडी ओढून पुढच्या गाडीला चिकटवत होतास. मी दोन दिवस खपून ठेवलेलं अंतर पुसून टाकत होतास.

मी म्हणालो, अरे अंतर लागतं.

तू म्हणालास, "घाटात गाड्या थांबल्यावर कोण अंतर ठेवतंय, आबा? पुढं काय झालंय बघायला समदी चिकटत्यात."

खरं आहे. मला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? महाबळेश्वरला दरड पडली की टॅक्सीवाले एकमेकांच्या डिकीत शिरतात, तसा मीही शिरलोय. पण सैन्याच्या गाड्या म्हटल्यावर हात माझा राहिला नाही. भरती झालो तेव्हापासून ट्रेनिंगच्या उस्तादानं ते अंतर अंगात असं ठोकून बसवलंय की बाजारात सायकलसुद्धा मी लांब लावतो. मी गाड्या लावल्या त्या शिकवल्यासारख्या. त्या दिवशी उभ्या होत्या तशा नाही. आणि रस्ता? खेळातला रस्ता दोन ट्रक सहज जातील एवढा रुंद. तो मी तसाच घेतला. माझं लक्ष शेवटच्या गाडीकडं होतं. तुझं लक्ष पहिल्या दोन गाड्यांकडं.

"एवढी जागा असती तर मी वळसा घालून गेलो असतो," तू म्हणालास. "ढकलला नसता."

काय ढकललं, असं मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"बिराप्पाचा ट्रक. पेटला हुता, वाट अडली हुती. मी बंपर लावला आन् दरीत सोडला."

तो आत होता का, हे मी विचारलं की नाही ते आता आठवत नाही. पण तू उत्तर दिलंस. धूर होता, केबिन दिसत नव्हती. आणि मग तू पडद्याकडं बघतच म्हणालास, "हॉर्न वाजत हुता, आबा. पार खाली जाईस्तवर वाजत हुता."

जयराज, मी तुला जवळ घ्यायला पाहिजे होतं. तांब्या खाली ठेवायला पाहिजे होता. त्याऐवजी मी काय म्हणालो, तर नियमच हाय त्यो, वाट मोकळी करायची. साहेबापुढं उभा राहिल्यासारखा म्हणालो.

तू उठलास. म्हणालास, "नियम इचारला न्हाई. तुमी ढकलला असता का?"

तू दारातून बाहेर पडलास तरी मी तांब्या धरून उभाच. तुझी आई खुरपं घेऊन कोपऱ्यावरून येत होती, तिनं हाक मारली, तू थांबला नाहीस.

त्या दिवसापासून तू कुपवाडला पोचलेला नाहीस. फोन बंद आहे. क्रांतीनं तुझ्या कारखान्यातल्या माणसांना विचारलं, मिरजेच्या स्टेशनवर जाऊन आली. मी इथल्या विहिरी बघितल्या. हे लिहायला नको, पण बघितल्या. कालव्याच्या कडेनं पार पलूसच्या बाजूपर्यंत चालत गेलो. वाटेत जो भेटेल तो विचारायचा, आबा, पायी कुठं, आणि मी सांगायचो, गाय सुटलीय. दोघं जण माझ्याबरोबर गाय शोधायला आले. त्यांना नको म्हणता येईना.

तुझ्या आईला मी तुझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमी त्येला असल्या गाड्या मांडून का दिल्या?" ती रडली नाही. गाईपाशी जाऊन बसली.

मिरवणुकीचंही सांगतो. गावानं काढली हे खरं, पण सरपंचांकडं जीप मागायला मी गेलो होतो. अकरा गाड्या वाचवणारा माझा पोरगा आहे, असं मीच त्यांना म्हणालो होतो. तू जीपमध्ये हार घालून उभा होतास आणि खाली वाकून एकदाच मला म्हणालास, आबा, हे थांबवा. हलगीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आलोय. ऐकू आलं होतं.

कुठं असशील तिथून नुसता एक मिस कॉल दे. बोलू नकोस.

आबा


कुंडल, २३ ऑगस्ट २०२४

जयराज,

चंद्राबाईचा फोन आला. "तुमचा जयराज हितं मेंढरांच्या वाड्यापाशी बसलाय. खात न्हाई, जात बी न्हाई. येऊन घिऊन जावा." एवढंच बोलून ठेवला. तिच्या आवाजावरून तुला काय झालंय, तिला काय झालंय, काही कळेना. पण बसलाय म्हणाली. म्हणजे आहेस.

एसटीला अजून वेळ आहे. काहीतरी करायला पाहिजे म्हणून हे लिहितोय. हे तुझ्यापर्यंत माझ्याआधी पोचणार नाही, हे कळतंय.

आबा


कुंडल, २२ सप्टेंबर २०२४

जयराज,

मिरजेला दवाखान्यात येऊन तुझ्याशेजारी बसतो आणि तोंडातून शब्द फुटत नाही. तू भिंतीकडं तोंड करतोस, मी पंख्याकडं बघतो. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, तुम्ही दोघं सारखेच आहात, तुम्हाला लिहायला जमतं का बघा. त्यांना काय सांगू की आमचं लिहूनच इथवर आलंय. तरी लिहितो.

गोळ्यांनी तुला झोप लागते हे बरं आहे. क्रांती म्हणाली की आता रात्री दचकत नाहीस. तिनं तुमच्या खोलीतला कॉम्प्युटर झाकून ठेवलाय, विकलेला नाही. तू सांगशील तसं करू. माझ्याकडचा मात्र सांगलीच्या त्याच दुकानात परत देऊन आलो. मला त्याच्यापुढं बसवेना. पुलाचं, ओढ्याचं, सगळं तुझ्या आवडीचं होतं, हे कळतंय. पण गाडी हातात घेतली की तिच्या केबिनमध्ये कोण आहे असं मनात येतं, आणि ठेवता येत नाही.

तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं राहिली आहेत. पहिला हॉर्नचा. ढकलताना हॉर्न वायर जळाली म्हणून वाजत होता की तो वाजवत होता, हे तू चंद्राबाईच्या वाड्यावर मला विचारलंस, डॉक्टरीणबाईंनाही विचारलंस. आग लागली की वायरी एकमेकींत वितळतात आणि हॉर्न आपोआप वाजतो. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, रिकाम्या ट्रकाचा हॉर्न बॅटरी संपेपर्यंत वाजलेला बघितलाय. एवढं खरं आहे. पण त्या दिवशीचा तसाच होता हे मला माहीत नाही. मी तिथं नव्हतो. तसाच होता असं छातीठोक सांगून तुला शांत करावं असं कितीदा मनात आलं. घाटाची मांडणी मी अशीच छातीठोक केली होती. आता माहीत नसलेलं तुला सांगणार नाही.

दुसरा, की मी ढकलला असता का.

व्हय. ढकलला असता. मागं अकरा गाड्या, एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी. मी बंपर लावला असता. नियम म्हणून नाही, भीतीनं. मागून दुसरा पेटायच्या आत निघायचं, एवढंच डोक्यात आलं असतं. बिराप्पाचं नाव नंतर आठवलं असतं.

आणि घरी येऊन मी कुणाला सांगितलं नसतं. तुझ्या आईला नाही, तुला नाही. लोकांनी शाबासकी दिली असती ती घेतली असती. जेवलो असतो, झोपलो असतो, टॅक्सी चालवली असती, आणि तसाच म्हातारा झालो असतो. तू जतला जाऊन तिच्या तोंडावर सांगितलंस ते माझ्याच्यानं झालं नसतं. ते चांगलं केलंस की वाईट, हे मला ठरवता येत नाही. का ते पुढं लिहितो.

क्रांती मागून भाड्याची गाडी घेऊन आली, तिच्यात तुला बसवलं आणि ती तुझ्याजवळ बसली तेव्हा चंद्राबाईनं मला मागं बोलावलं होतं. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. तुझी तब्येत सावरेपर्यंत थांबावं असं वाटत होतं, पण सावरली कधी हे कोण सांगणार.

ती मेंढरं कोंडत होती. वाघराच्या जाळीचा खुंटा ठोकता ठोकता म्हणाली, "एका झटक्यात गेला म्हणून मी झोपत हुते. आता हॉर्नचं सांगून गेला त्यो. आता मी कशी झोपू?" मी तिची माफी मागायला वाकलो, तर म्हणाली, "तुमी वाकू नगासा. तुमी काय केलंय." मी म्हणालो, बाई, त्यानं दुसरं काय करायला पाहिजे होतं? एक कोकरू जाळीतून बाहेर यायला बघत होतं, त्याला तिनं पायानं आत सारलं.

ती तुला माफ करणार नाही, जयराज. तिनं तसं सांगितलं. पुन्हा तिच्या दारात जायचं नाही, हेही सांगितलं. पैसे पाठवायचे नाहीत, घोंगडं परत पाठवायचं नाही, दिवाळीला फोन करायचा नाही. हे सगळं मी तुला सांगेन असं कबूल केलंय, म्हणून सांगितलं.

मी निघालो, तेव्हा तिनं पुन्हा हाक मारली. गाडीतल्या तुझ्याकडं एकदा बघितलं. तू कसा बसला होतास ते तुला ठाऊक नाही. कुणीही बघून ओळखलं असतं की हा माणूस परत जाऊन काय करणार आहे. तिनंही ओळखलं.

"त्येला सांगा," ती म्हणाली, "माझ्या धन्याला शेवटचं बघितलेला ह्योच एक हाय. माझा पोरगा मोठा झाला की बाप कसा गेला इचारत तुमच्या दारात यील. मी त्येला अडवणार न्हाई. तवर ह्येला जित्तं ऱ्हायला लागंल."

आबा